सोबत्याची सुई

त्र्याण्णव साली खारबावच्या वडाखाली मंगळवारी पाय ठेवायला जागा नसे. पिवळ्या डोळ्यांचे रोगी आणि त्यांचे धडधाकट नातलग, सगळे दंड उघडे टाकून बसलेले. मधे कावीळबाबा, हातात गोधडी शिवायची सुई, तोंडाने गाणं:

"सुईच्या टोकाला माय माझी डुले,
पिवळं पान गळे, लाल फूल फुले."

आधी रोग्याला टोचा, लगेच सोबत्याला. म्हणजे कावीळ घरात उडी मारत नाही, हा बाबाचा शोध.

एका मंगळवारी त्याने बऱ्या झालेल्या काळूरामचा रिपोर्ट झेंड्यासारखा नाचवला. "चार महिन्यांमागं रक्तात इष व्हतं. आज न्हाय. कागद भिवंडीच्या लॅबचा हाय, माझ्या घरचा न्हाय."

कागदावर सही होती सरलाची. लॅबमध्ये रक्त तपासणारी सरला त्या दिवशी गर्दीत उभी होती ती काळूरामच्या बहिणीसाठी. ही बहीण, सात महिन्यांची पोटुशी कमळ, नुकत्याच टोचलेल्या विठूची सोबती म्हणून दंड पुढे करत होती.

"थांब गो कमळ," सरला म्हणाली. "बाबा, काल्हेरच्या गोदामातल्या तुळशीरामलाही हीच कावीळ होती, त्याचं रक्तही चार महिन्यांतच मोकळं झालं. तो तर इकडे फिरकलाच नाही."

"माझी नजर व्हती त्याच्यावर."

"काल्हेरच्या गोदामापर्यंत? बरीच लांब नजर."

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"मोठ्या माणसाचं शरीर रक्तातून पसरणारी ही कावीळ बहुतेक वेळा आपणच हटवतं. दर पंधरवड्याला मी रक्त पाहते. डोळे पिवळे व्हायच्या आधीच विषाणूची खूण दिसते, काही महिन्यांत उतरते, आणि मागाहून रक्षण करणारी प्रतिद्रव्यं येतात. रोग्याच्या घरच्यांचंही रक्त मी तपासते. तुमचे चार सोबती टोचण्याआधी निरोगी होते. दोन महिन्यांनी चौघांच्या रक्तात खूण. त्यांतला विठू तर आज रोगी होऊन इथं बसलाय."

विठूने मान खाली घातली.

"एकाचं रक्त सुईवर, तीच सुई दुसऱ्याला. पेरता तुम्हीच, कापणीलाही तुम्हीच. कमळला लागली तर जन्मताना बाळाला लागेल. तान्ह्याचं रक्त सहसा मोकळं होत नाही, रोग जन्माला पुरतो."

"सुईवर देवी हाय."

"मग विठूला टोचलेली ही सुई आधी स्वतःला टोचा."

बाबाने सुईकडे पाहिलं. "आज माझा उपास हाय."

"उपासाला सुई चालत न्हाय वाटतं," कमळ म्हणाली. पदराने दंड झाकून ती उठली.

अशी कावीळ बहुतेकदा आपली आपण बरी होते आणि मान मिळतो शेजारी उभ्या लबाडाला. तेव्हा दुसऱ्याच्या रक्ताची सुई अंगाला लावून घेऊ नका. कुणी बरं झाल्याचा कागद नाचवला, तर इतकंच विचारा: जे त्याच्याकडे गेलेच नाहीत, त्यांचं काय झालं?