समोरची जागा

"तिकडं निवडीच्या खोलीत पंखा हाय म्हणं गो?" मी विचारलं.

"हाय. पण लावत नायत. सालपटं उडतात," राही म्हणाली आणि हसली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही कारखान्यामागच्या फणसाखाली बसलो होतो, मध्ये दोन हात अंतर ठेवून. ही चौऱ्याऐंशी सालातली गोष्ट. रत्नागिरीच्या त्या काजू कारखान्यात मी बिया फोडायची. पायाने यंत्र दाबलं की बी दुभंगायची, आणि समोर बसलेलीने सुरीने काजूगर काढायचा. माझा पाय जलद. समोरच्या बाया बोटं कापून घ्यायच्या आणि दुसरीकडे जाऊन बसायच्या. केळशीची राही आली आणि टिकली. तिच्या नवऱ्याने मुंबईत दुसरी केली होती, माझा वारला होता. कितीतरी पावसाळे आम्ही गुडघ्याला गुडघा लावून बसलो. टरफलाच्या चिकाने फोड येतात, म्हणून रोज सकाळी ती माझ्या हातांना खोबरेल चोळायची, मी तिच्या. तेल जिरलं तरी ती हात सोडायची नाही. मीही सोडवून घेतला नाही.

मग मुकादम आत्मारामने तिला निवडीच्या खोलीत घेतलं. तिथे पांढरे गर हाताळायचे. दारात तो तळवे बघायचा. चिकाचा काळा डाग दिसला की परत बिया फोडायच्या शेडमध्ये. महिन्याभरात राहीचे हात उजळले. माझे काळेच. फणसाखालचं ते दोन हात अंतर मीच ठेवलं होतं.

"येशे, माझ्या जागी कोण बसते?"

"गोदूबाई. सारखी ओरडते, 'पाय हाय का मुसळ?'"

"मला तिकडं करमत नाय."

"हात बघ तुझे, नव्या नवरीसारखे झालेत. ऱ्हा तिकडंच. जळके हात म्हातारपणी कोण धरणार?"

"तू नाय धरणार?"

मी तिच्याकडे सरळ बघितलं. "धरीन."

"मग आताच धर."

"खुळी काय तू? डाग पडंल. आत घेणार नायत."

ती सरकून जवळ आली. माझा चिकट हात उचलला आणि बोटांत बोटं घालून आपल्या तळव्यात दाबून धरला. पलीकडे डबे धुणाऱ्या बाया बघत होत्या. तिने बघू दिलं.

घंटा झाली. मी यंत्राशी बसले, गोदूबाई समोर. निवडीच्या दारात आत्मारामचा आवाज चढला. "राही, हे काय लावून घेतलंस? एवढी चांगली जागा दिली तुला!"

"मुद्दाम लावलंय मुकादम," ती म्हणाली. साऱ्या शेडने ऐकलं.

ती आली तशी गोदूबाई आपणहून उठली. "ये बाय, सांभाळ तुझी ही. माझी बोटं वाचली."

राही समोर बसली. पदर खोचला, सुरी उचलली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "हां, दाब."