गुलाबी राहिलेल्या पेशी

डॉ. निशाने काच पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. आत्ताच फोनवर सांगितलेला आकडा परत गिळता आला असता, तर तिने तो पाण्याशिवाय गिळला असता.

ही मोजणी हाताने करणारी अख्ख्या पनवेलमध्ये आपणच, असं ती चारचौघांत बिनदिक्कत सांगायची. आईच्या रक्तात पोटातल्या बाळाच्या पेशी उतरल्या, तरी हजारांत एखाददुसरी सापडायची. काच आम्लात बुडवली की आईच्या पेशी रंग सोडून फिकट पडतात, बाळाच्या तेवढ्या गडद गुलाबी राहतात. त्या मोजायच्या.

समीक्षा पहिल्या बाळंतपणासाठी आपट्याला माहेरी आली होती. सातवा महिना. सकाळी नदीच्या पायऱ्यांवर घसरली, तेव्हापासून बाळ फारसं हललं नव्हतं. बाळाचं रक्त आईत झिरपतंय का, असं हॉस्पिटलच्या वरच्या मजल्यावरच्या प्रसूती विभागातून डॉ. प्रांजलने विचारलं होतं आणि निशाने ‘बरंच’ म्हणून कळवून टाकलं होतं. आता वर ऑपरेशन करून बाळ लगेच बाहेर काढायची तयारी चालली होती. बाळ जेमतेम सव्वा किलोचं.

पण काचेवरचा गुलाबी एकसारखा नव्हता. काही पेशी गडद, काही पुसट, काही अधल्यामधल्या. बाळाच्या पेशी अशा नसतात, त्या सगळ्या सारख्याच गडद. काही माणसांचं रक्त मोठेपणीही लहानपणाचा थोडा रंग धरून ठेवतं, आणि ते घराण्यातून येतं. हे ठाऊक असून तिने सगळ्या एकाच मापाने मोजल्या होत्या. स्वतःवर चरफडत तिने फोन उचलला.

“प्रांजल, थांब. माझा आकडा चुकलाय.”

“किती?”

“बहुतेक सगळाच. पण खात्री करू दे.”

“बाळाचे ठोके ठीक आहेत म्हणून थांबते. ते बिघडले तर तुला विचारत बसणार नाही.”

“नकोच विचारूस.”

बाहेर बाकावर समीक्षाची आई, गोदूबाई, लेकीच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती.

“मावशी, तुमचं थोडं रक्त हवंय.”

“माजं कशाला? पडली ती.” गोदूबाई थांबली. “मीच बोलली तिला, जरा पाय मोकले कर. आता तिच्या सासरी काय सांगू?” मग तिने हात पुढे केला. “घ्या. पायजे तवरं घ्या.”

“चमचाभर पुरे.”

गोदूबाईचं नातवाची वाट पाहायचं वय झालं होतं. तिच्या रक्तात बाळाची पेशी असायचं कारणच नव्हतं. निशाने काच रंगवली, धुतली, वाळवली आणि डोळा लावला. फिकट पेशींच्या गर्दीत तोच गुलाबी होता. गडद, पुसट, अधलामधला.

निशाने फोन उचलला. खूप बरं वाटलं तिला, आणि थोडी लाजही वाटली.

“प्रांजल, तो रंग बाळाचा नाही. समीक्षाचा स्वतःचा आहे, आईकडून आलेला. उद्या मुंबईच्या मशीनवर पडताळून घेऊ, पण माझ्या शब्दावर ऑपरेशन करू नकोस.”

“बरं. रात्रभर लक्ष ठेवते. आणि ऐक, आत्ताच हललंय.”

निशा बाहेर जाऊन गोदूबाईला हाताला धरून आत घेऊन आली.

“बाळ ठीक दिसतंय, मावशी. आम्ही घाबरलो ते रक्तातलं गुलाबीपण बघून. हे तुमचं आहे. तुम्ही तिला दिलेलं.”

“पडल्यामुले नाय?”

“नाही. जन्मापासूनचं.”

गोदूबाईने चपला खाली ठेवल्या, पदराने डोळे पुसले आणि वाकून पाहिलं. निशाने एक काच दाखवली, मग दुसरी. गोदूबाई बराच वेळ पाहत राहिली.

“यातली माजी कुठली नि पोरीची कुठली?”

निशाने पटकन उत्तर द्यायला तोंड उघडलं. मग काच काढून तिच्या कडेला लिहिलेलं नाव वाचलं.