धाकट्या जावेचे निरोप

धाकटी जाऊ घरात आली तेव्हा मी मोठ्या मनाने माझं अर्धं कपाट रिकामं करून दिलं. तीच माझ्या ऑफिसात आली तेव्हा मात्र पोटात जे दुखायला लागलं, ते अजून थांबलेलं नाही.

हॉस्पिटलच्या नेटवर्कवर नजर ठेवायची, हे आमचं काम. एखादं यंत्र किंवा जोडणी बंद पडली की सिस्टीम आपोआप सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडते. त्या निरोपांचे साचे मी बांधले होते. रुक्ष, पण बिनचूक. धाकटीने ते नव्याने लिहिले. 'अमुक मजल्यावरचं तमुक यंत्र बंद आहे, अमक्यांना कळवा', असे सुटसुटीत. अमुक-तमुकच्या जागी व्हेरिएबल, म्हणजे मोकळे रकाने. ऐन वेळी सिस्टीम त्यांत खरी नावं भरते. "याला म्हणतात निरोप!" साहेब म्हणाले, तेही माझ्याकडे बघत. घरी सासूबाईंनीही तिचं तोंडभर कौतुक केलं. त्यांना नेटवर्क कशाशी खातात हेही ठाऊक नाही.

आमच्या विभागप्रमुखाची खुर्ची रिकामी होती आणि ज्या दिवशीची ही गोष्ट, त्या दिवशी दुपारी साहेब नाव सांगणार होते. मला ती खुर्ची हवी होती. लाजायचं कशाला, हवीच होती.

सकाळीच सगळ्यांचे फोन किणकिणले. '—— मजल्यावरचं —— बंद आहे. —— यांना कळवा.' नावांच्या जागी नुसती पोकळी. केबल दुरुस्त करणारा आमचा लंबू खांद्यावर शिडी घेऊन दारात उभा राहिला.

"जाऊ कुठे? मजले ढीगभर, पाय दोनच!"

मी स्क्रीनवर शोधून त्याला नोंदणीच्या खिडकीकडे पिटाळलं. पेशंटची रांग खोळंबून चालणार नव्हती. साच्याबद्दल मात्र मिठाची गुळणी धरून बसले.

कारण गोम माझ्या लगेच लक्षात आली होती. यंत्र बंद पडलं तर त्याचा मजला, त्याचा माणूस त्याच्याच नोंदीत सापडतो. इथे बंद पडली होती यंत्राची एक जोडणी. तिच्या नोंदीत यातलं काही नसतं; ते तिच्या मालक यंत्राकडे विचारावं लागतं. धाकटीचा साचा जोडणीलाच विचारत होता. ती बापडी काय सांगणार?

"ताई, चाचणीत तर सगळं नीट दिसतंय हो!" धाकटी पुन्हा पुन्हा बटण दाबत होती.

दिसणारच. चाचणीचं बटण आधी एखादं यंत्र निवडायला लावतं आणि त्याचीच नावं भरून दाखवतं. मी त्या बटणावर कधीच विसंबत नाही. पेशंटचं काही अडत नाही अशा प्रशिक्षणाच्या खोलीत जाते, तिथल्या यंत्राची तार सरळ उपटते आणि फोन वाजायची वाट बघते. हे मी तिला शिकवलं नव्हतं. का शिकवू?

तेवढ्यात दुसरा तसलाच निरोप आला. धाकटीचे डोळे भरले. मेली रडतानाही छान दिसते.

"काय चाललंय हे?" साहेब केबिनमधून बाहेर आले.

याच घटकेची मी वाट बघत होते. "मी बघते, साहेब," म्हणत धाकटीला उठवलं, तिच्या जागेवर बसले आणि प्रत्येक रकाना मालक यंत्राकडे विचारेल असा बदलला. मग सगळ्यांच्या देखत प्रशिक्षणाच्या खोलीत गेले आणि तार उपटली. बाहेर फोन वाजले. मजला, यंत्र, माणूस, सगळं जागच्या जागी. लंबूने तर शिडी ठेवून टाळ्या वाजवल्या. माझी मान आपोआप ताठ झाली.

आता धाकटी म्हणणार, मीही तेच करणार होते. त्यावरचं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं.

"साहेब, चूक माझीच," ती डोळे पुसत म्हणाली. "मी नुसतं बटण दाबत बसले. तार उपटून बघायचं ताईंनाच सुचतं. म्हणून तर मी सकाळी आल्या आल्या तुम्हाला म्हटलं, खुर्ची ताईंनाच द्या."

"हो, म्हणाली खरी ही," साहेब हसले. "आणि मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. अभिनंदन!"

सकाळी. म्हणजे पहिला निरोप यायच्या आधी. मी मिठाची गुळणी धरली, तोऱ्यात तार उपटली, त्याच्याही आधी. जिभेवरचं उत्तर फुकट गेलं. चांगुलपणातही हिनेच पुढे जायचं?

संध्याकाळी घरी सासूबाईंना बातमी कळली. त्यांनी मला "छान" म्हटलं आणि धाकटीला जवळ घेतलं.

"बघ गं," त्या मला म्हणाल्या, "हिचं मन किती मोठं!"

कपाट कुणी रिकामं करून दिलं होतं, हे आता घरात माझ्याशिवाय कुणाच्याच लक्षात नव्हतं.