रोजगार सूजन

ढुंढिराज हल्ली स्वयंपाकघरात चपला घालून येतो, ही शरदिनीबाईंची तक्रार आजची नव्हती. लखनौच्या उद्योगवाल्या मेळाव्याला जाऊन आल्यापासून लेकाचे पायच जमिनीला लागत नव्हते, मग चपला कुठून निघणार!

अमृतराव घाटाच्या वरच्या गल्लीत शरदिनीबाईंची खानावळ. विधीसाठी काशीला आलेली मराठी माणसं तिथं जेवत, ती नंदाच्या पुरणपोळीसाठी. अठरा वर्षं नंदा त्या पोळपाटाशी बसत होती. तेवढ्यावरच तिचं घर उभं होतं.

ती नंदा आज दाराबाहेर डोळे पुसत उभी.

"आत ये की गं! उंबऱ्यानं पाय धरलेत का?"

"ढुंढिराजदादांनी येऊ नको म्हटलंय, काकू. कागदावर सहीपण घेतली. मर्जीनं काम सोडते म्हणून."

शरदिनीबाई तरातरा आत गेल्या. भिंतीवर नवा फलक लागला होता. चौथीपर्यंतच्या शाळेच्या जोरावर त्यांनी अक्षरं जुळवली. "रोजगार... सूजन."

"सृजन, आई! सृजन!" ढुंढिराज कळवळला. "सरकार यंत्रं देतंय. दहा नवीन नोकऱ्या दाखवायच्या, बस. जुनी माणसं मोजत नाहीत. दोन महिन्यांनी जमलं तर नंदालाच नवीन म्हणून घेऊ."

"बसलेली बाई दिसत नाही आणि उठवून पुन्हा बसवली की दिसते? डोळे तपासून घ्या म्हणावं तुझ्या सरकारला."

"तुला पॉलिसी नाही कळायची."

"आणि जमलं नाही तर?"

त्यावर ढुंढिराज फोनमध्ये बघू लागला.

नव्या दहाजणी टोप्या घालून ओळीनं बसल्या होत्या. त्यांतल्या चार त्याच्या सासुरवाडीच्या. मेहुणी तेजश्री पुरण आत भरायचं की वरून लावायचं, हे शेजारणीला हळूच विचारत होती.

तेवढ्यात तपासणीचे साहेब आले.

"इन्हें काम आता है?"

"सब ट्रेन्ड हैं, सर!"

"तो एक खिलाइए."

तेजश्रीची पोळी तव्यावर फाटली, पुरण जळलं, धुरानं साहेबांना ठसका लागला. शरदिनीबाई उठल्या, दारातून नंदाला मनगटाला धरून आणलं आणि पोळपाटाशी बसवलं. नंदानं नाक पुसलं, हात धुतले, पोळी लाटली. तव्यावर ती टम्म फुगली.

साहेबांनी दोन खाल्ल्या. "ये भी नई हैं?"

"हो म्हण, आई," ढुंढिराज दातांतल्या दातांत पुटपुटला.

"नई?" शरदिनीबाई कडाडल्या. "अठारह साल से यही खिला रही है. इसको निकालके ये दस बिठाई हैं."

साहेबांनी फाइल मिटली, बोटं चाटली आणि गेले.

"केलंस ना वाटोळं!" ढुंढिराज किंचाळला. "दहा नोकऱ्या घालवल्यास!"

शरदिनीबाईंनी ती जळकी, फाटकी पोळी उचलून त्याच्या हातावर ठेवली.

"मी बरोबरच वाचलं होतं, ढुंढ्या. नंदाची पोळी फुगते, कारण पोटात पुरण असतं. तुझी ती नुसती सूज. एकीच्या पोटावर पाय देऊन दहा टोप्या मांडल्यास, त्याला उद्योग म्हणतोस? आता आधी चपला बाहेर काढ, नंदाचा तो कागद फाड, आणि बस कणीक तिंबायला. तुझ्याजोगी तेवढीच नोकरी आहे इथं."