नत्थूजी पेंटरचा चुकलेला डाव

तळेगावात पोळ्याला बैल सजतात, तशी नत्थूजी पेंटरची भिंतही सजते. दरसाल तो घराच्या उंच भिंतीवर स्वतः रचलेला बुद्धिबळाचा डाव रंगवतो, दोन चालींत मात करा म्हणतो, आणि जो सोडवेल त्याला बायकोच्या, मोहिनीच्या, हातची पुरणपोळी. औंदा पोळा उलटून गेला, पोळ्या घरच्यांनीच खाल्ल्या, डाव काही कोणाला सुटला नाही. शेवटी पोरानं, अंकुशनं, तो मोबाईलमध्ये घातला. मोबाईल म्हणे, मात होतच नाही.

"बाबाचं डोस्कं सरकलं," अंकुश म्हणाला. "आता शिडी बंद, ब्रश बंद. वरून पडले तं?" आणि रंगाचे डबे कोठीत टाकून त्यानं कुलूपच घातलं.

मोहिनीला काही उमजेना. नवरा धड जेवत होता, हसत होता, शेजारच्या म्हशीचं नावसुद्धा बरोबर घेत होता. मग डोस्कं सरकलं ते नेमकं कुठून? बरं, मोबाईल तरी खोटं कशाला बोलेल? आणि हा बाप्पा भिंतीपुढे खुर्ची टाकून, "मात होती वो, मी पाह्यली होती," एवढंच पुटपुटत बसलेला. ब्रशाशिवाय हा माणूस जगेल कसा? ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि भिंतीवरचा डाव पहिल्यांदाच नीट पाहू लागली.

"अवो, हे तं सुटते!" ती एकदम ओरडली. "दुसऱ्या चालीले राजा घोड्यावानी उडवा. काळ्याची पळवाट बंद, अन् मागच्या हत्तीचा शह. झाली मात!"

अंकुशनं कपाळाला हात लावला. "माय, राजा कुठं घोड्यावानी उडते?"

"काऊन नाई? डावात एकदा उडते. माह्या बाबानं असंच शिकवलं."

नत्थूजी ताडकन उठला. "पुस्तकात नाई उडत," तो खजील होऊन म्हणाला. "गावठी नियम आहे तो. जन्मभर मी पुस्तकाच्याच नियमानं डाव रचले. पण छापील फ्लेक्स आले, पाट्या रंगवायचं काम गेलं. रोज संध्याकाळी हिच्यासंग खेळून राह्यलो, अन् हिचा राजा उडल्याबिगर राहत नाई. रचता रचता माह्याही राजानं उडी मारली, मले पत्ताच नाई लागला."

मोहिनीला हसावं की रडावं कळेना. म्हणजे नवऱ्याचं डोस्कं बिघडवलं ते तिनंच?

अंकुशनं कोठीचं कुलूप काढलं. "चूक पुसून टाका, बाबा. शिडी मी धरतो."

नत्थूजीनं काहीएक पुसलं नाही. डावाखाली त्यानं ठसठशीत अक्षरांत लिहिलं, 'नियम मोहिनीबाईचा. राजा एकदा उडते.'

"पुसा ते! लोक काय म्हणतीन?" मोहिनी तोंडाला पदर लावून ओरडली, आणि कोणी खरंच पुसू नये म्हणून भिंतीपुढे उभी राहिली.