आवळलेली नस

"पुन्हा बसलीस? म्हशी खोळंबल्यात, दुधाची गाडी येईल आता!" गोठ्याच्या दारातून नवरा ओरडला.

वाघीण भिंतीला टेकून बसली होती. दातखीळ बसल्यासारखा चेहरा, मूठ छातीवर.

"अहो, आत कुणीतरी पिळतंय. ओलं धुणं पिळावं तसं."

"दवाखान्यातलं मशीन काय खोटं बोलतं का गं?"

वाघीण हे तिचं गावानं ठेवलेलं नाव. दुधानं भरलेले कॅन दोन्ही हातांत घेऊन बांधावरून चालायची ती. चाळिशीही गाठली नव्हती, कधी ताप म्हणून झोपली नव्हती. पण त्या हिवाळ्यात उजाडायच्या आधी, गारठ्यात, छातीत कळ उठायची अन् थोड्या वेळानं आपोआप सुटायची. दवाखाना उघडेपर्यंत बाई पुन्हा खडखडीत. छातीचा आलेख सरळ. शहरात नळी घालून नसाही बघितल्या, त्याही स्वच्छ. "मनावर घेऊ नका, झोप नीट घ्या," डॉक्टर म्हणाले.

नवरा वाईट नव्हता. रिपोर्ट हातात पडला तेव्हा रस्त्यातच त्याचे डोळे भरले होते. पण एकदा काही नाही म्हटल्यावर त्याच्या लेखी काही नव्हतं.

सासूला मात्र ते पटेना. "अरे, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. ओठ बघ तिचे, राखेसारखे झालेत. दुखतंय तोवरच ने तिला."

"अन् धारा कोण काढणार, आई?"

"मी काढीन! हात मोडलेत का माझे?"

वाघीणच मध्ये पडली. "राहू द्या आत्याबाई, सुटली कळ." हळूहळू तिनं सांगणंच सोडलं. कुणी विचारलं की हसायची, "वय झालं आता माझं."

एका पहाटे दवानं गवत पांढरं झालेलं. सासूला बादली पडल्याचा आवाज आला. ती धावत गेली तर सून म्हशीच्या पायाशी आडवी. म्हैस बिचारी पाय उचलून तशीच उभी, सुनेवर पडू नये म्हणून. सासूनं तिचं डोकं मांडीवर घेतलं, हाका मारल्या. वाघीण गेली होती.

शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांनी नवऱ्याला खुर्चीवर बसवलं. "नसांत अडथळा नव्हताच. पण काही धडधाकट माणसांची काळजाची नस अचानक आवळते, रक्त थांबतं. सुटली की मागे खूण राहत नाही. तसंच झालं असावं. कळ चालू असताना आलेख काढला असता तर कदाचित दिसलं असतं."

"औषध असतं यावर?"

"असतं. बऱ्याच जणांना गोळ्यांनी आराम पडतो."

तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला. "म्हणजे ती खरं सांगत होती," एवढंच बोलला.

घरी आईनं त्याला एका शब्दानं दुखावलं नाही. ताट वाढलं, पाणी ठेवलं. शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं त्याला वाटायचं. धारा आता तोच काढायचा. म्हशी दूध चोरायच्या, पान्हा सोडायच्या नाहीत; तो कासेशी नुसता बसून राहायचा.

उन्हाळा तोंडावर आला होता. सकाळी शेजारच्या शिंप्याच्या घरातून आवाज आला, "छातीत जळजळतंय म्हणे! काम आलं की हिला दुखतं!"

वाघिणीचा नवरा भरले कॅन रस्त्यातच ठेवून आत शिरला. "वहिनी, गाडीवर बसा."

"अहो भावजी, थांबेल की."

"थांबायच्या आत जायचं. बसा!"

दवाखान्याचं दार त्यानं बडवून उघडायला लावलं. आलेख सरळ आला. "आता काढा पुन्हा," म्हणाला. पुन्हा काढला. रक्त तपासलं, दुपारपर्यंत बसवून ठेवलं. शेवटी डॉक्टरीणबाई हसल्या, "पित्त आहे हो, दुसरं काही नाही."

मागून आलेला शिंपी चिडला. "झालं समाधान? दिवस बुडवला माझा!"

तो दवाखान्याच्या पायरीवर बसला, गुडघ्यांत तोंड घातलं अन् लेकरासारखा हुंदके देऊन रडायला लागला.

शिंपी काही बोलणार, तोच बायकोनं त्याला हातानं गप्प केलं. ती पायरीवर टेकली. "घरी जायची घाई नाही भावजी," ती म्हणाली. "रडा तुम्ही."