रेड्याची बाही

"चार टाके तर उसवायचे आहेत, जीव नाही द्यायचा!" मी ओरडलेच.

हे गेटवरच्या ड्यूटीच्या खाकी शर्टाला इस्त्री करत राहिले. डाव्या बाहीवर पिवळ्या कापडाचा तुकडा, त्यावर काळा रेडा. फौजेतल्या यांच्या डिव्हिजनचं चिन्ह. पेन्शनीत निघाल्यावर भोपाळच्या कारखान्यात चौकीदारी मिळाली, पिपलानीत क्वार्टर मिळालं, तेव्हा यांनी तो रेडा नव्या शर्टावर स्वतः शिवला. इतकी वर्षं कुणी हूं की चूं केलं नाही. आता नवा सिक्युरिटी अफसर आला आणि म्हणाला, "गोपीनाथ, कल तक ये भैंसा निकालो, नहीं तो वर्दी जमा करो."

वर्दी जमा म्हणजे नोकरी गेली. नोकरीमागोमाग क्वार्टर.

"अहो, मालतीचं लग्न तोंडावर आलंय. पोरीची पाठवणी काय बसस्टॉपवरून करायची?"

यांनी इस्त्री उभी ठेवली. "सुमित्रा, एकाहत्तरला सीमेवर निघताना हुकूम आला, चिन्हं काढा. कुठली डिव्हिजन आलीय ते शत्रूला कळू नये म्हणून. सगळ्यांची एका पोत्यात भरली. परत आल्यावर पोतं उपडं केलं, ज्यानं त्यानं एकेक उचललं. तरी उरलीच."

इतक्या वर्षांच्या संसारात हे कधी सांगितलं नव्हतं यांनी.

"त्या उरलेल्यांतलं हे. तेव्हा काढलं, लढाई होती म्हणून. इथे कुणाशी लढाई आहे? आता एक टाका उसवणार नाही."

"माणूस कसला, रेडाच आहात," मी म्हटलं खरं, पण डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी रेड्यासकट ड्यूटीवर गेले आणि तासाभरात परत आले. मागोमाग ऑफिसचा शिपाई बाळकृष्ण सायकलवरून आला. बिचारा दारातच घुटमळला. "वहिनी, साहेबांनी वर्दी मागितलीय. कापड कंपनीचं आहे म्हणतात."

यांनी टोपी दिली, पट्टा दिला. शर्ट उतरवला, पण तो काही हातातून सुटेना. नुसत्या बनियनवर ताठ उभे राहिले. ते बघून माझं डोकंच फिरलं. शर्ट ओढून घेतला, कात्री आणली आणि डावी बाही खांद्यापासून कापून काढली. उरलेला शर्ट नीट घडी घालून बाळकृष्णाच्या हातात ठेवला.

"वहिनी, साहेब ओरडतील हो!"

"ओरडू देत. म्हणावं, बाही सुमित्राबाईंनी ठेवून घेतली. हवी असेल तर स्वतः या."

बाळकृष्ण गेला. यांनी ती बाही उघड्या दंडावर चढवली, रेडा सरळ केला आणि म्हणाले, "दोरी काढ. सामान बांधायला घेऊ."